कलर लॅब नंबर सात

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रोसेस हाऊसचे मालक सन्माननीय भाईदासशेठ, व्यासपीठावर बसलेल्या कार्मिक विभागाच्या रुपालीताई, ज्यांच्यासाठी हा हॉल आज फुलांनी सजवला ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, संगणक विभागाचे बुद्धभूषण तायडेसाहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी चैतालीवहिनी, आणि रंगखातं, प्रिंटिंग, पॅकिंग, बॉयलर, ऑफिस अशा सगळीकडून हातातलं काम टाकून आलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो, राघो बोरसेचा तुम्हा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

शेठ, मी मराठीत बोलणार आहे. तुम्हाला समजतं हे मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं इथं पांडेसऱ्याच्या मिलमध्ये खानदेशी माणसांकडून काम करून घेताय, आमच्या शिव्यासुद्धा तुम्हाला तोंडपाठ आहेत. तेव्हा मधे कुणी भाषांतर करायची गरज नाही.

खरं तर माझं नाव यादीत शेवटी होतं. 'दोन शब्द' असं लिहिलेलं होतं. मीही घरून दोनच शब्द आणले होते, छान, गुळगुळीत, पाठ केलेले. पण मघाशी रुपालीताईंनी तायडेसाहेबांच्या नोकरीचा दाखला वाचून दाखवला. निळ्या फाईलमधला तो कागद आता शेठ त्यांच्या हातात देणार आहेत. त्यात एक ओळ आहे. ताई, तुम्ही ती वाचलीत आणि हॉलमध्ये हशा पिकला. 'सन दोन हजार एकोणीसमध्ये जुने यूपीएस हलवताना स्वतःच्या निष्काळजीपणामुळे उजव्या हातास गंभीर दुखापत.' त्यावर पॅकिंगचे आपले योगेशभाऊ म्हणाले, ज्या माणसानं अख्खी मिल क्लाउडवर चढवली त्याला एक यूपीएस उचलता आला नाही! आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या.

योगेशभाऊ, तुमची चूक नाही. चेष्टा चांगली होती. पण ती ओळ खोटी आहे.

ती खोटी आहे हे मला कसं माहीत? कारण ज्या जबाबावरून ती ओळ आली, त्याखाली प्रत्यक्षदर्शी साक्षीदार म्हणून जी सही आहे ती माझी आहे. तो कागद तायडेसाहेबांच्या हातात पडायच्या आत ती ओळ खोडली जावी, एवढ्यासाठी मी उभा आहे. त्याला दोन शब्द पुरणार नाहीत. तुमचं जेवण थोडं थंड होईल. होऊ द्या.

तायडेसाहेब, मान हलवू नका. तुमच्याकडे नंतर येतो.

नवीन पोरापोरींना माहीत नसेल म्हणून सांगतो. पूर्वी आपल्या ऑफिसात चौऱ्याऐंशी कॉम्प्युटर होते. एकेक धूड. त्यातले सात आमच्या कलर लॅबमध्ये. मी तेव्हा रंगमास्तर होतो, आजही आहे. रंगमास्तर म्हणजे काय हे रंगखात्यातल्या माणसाला विचारा. गिऱ्हाईक साडीचा एक तुकडा आणून टाकतं आणि म्हणतं, हाच रंग पाहिजे. कोणती पूड किती, मीठ किती, ताव किती, हे मास्तरला माहीत असतं आणि दुसऱ्या कुणाला माहीत नसतं. त्यालाच आम्ही रेसिपी म्हणतो. आधी ती वहीत असायची, वही उशाला असायची. मग कॉम्प्युटर आले तशी ती माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात गेली. कलर लॅब नंबर सात. हा नंबर तायडेसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून डब्याच्या पाठीवर चिकटवला होता. त्यांचं अक्षर तुम्ही पाहिलंय, सातच्या पोटात आडवी रेघ मारतात.

दर चार वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत जुने डबे भंगारात निघायचे. शेठचा हुकूम एकच असायचा, 'एक पण रेसिपी बहार ना जवी जोईए.' बाहेर जाऊ देणार नाही, शेठ! आम्ही म्हणायचो आणि कंपाउंडमध्ये घण घेऊन उतरायचो. आठवतंय ना रंगखातं? आठवतंय. हसताय ना! तो आमचा सण होता. एकानं डबा धरायचा, दुसऱ्यानं हाणायचा. काच फुटली की आरोळी. पडद्याची नळी फुटली की शिट्टी. वर्षभर सुपरवायझरचं ऐकून घेतलेलं सगळं त्या डब्यांवर निघायचं. मी तर असा हाणायचो की घणाचा दांडा तुटायचा. मारायला काहीतरी मिळालं की माणूस किती खूश होतो, हे मी तिथं पाहिलंय, स्वतःच्या अंगात पाहिलंय.

पण मला घणाचा भरवसा नव्हता. डबा फुटला तरी आतली डिस्क शाबूत राहते, असं कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलं होतं. मग राघो मास्तरनं अक्कल चालवली. आमच्याकडे कॉस्टिक सोड्याची काय कमतरता? गोणीच्या गोणी. पांढऱ्या, पापडासारख्या कपच्या. धातू खातं, कातडं खातं, लोकर खातं. दोन हजार सोळाच्या दिवाळीला मी माझा सात नंबरचा डबा उघडला, डिस्कच्या चहूबाजूंनी किलोभर कॉस्टिक ठासलं आणि झाकणाचे स्क्रू आवळून टाकले. म्हटलं, आता हळूहळू खाईल, कुणाच्या बापाला रेसिपी मिळणार नाही. त्या डब्यावर घण घातला नाही. तो वरून कोरा करकरीत दिसत होता.

शेठ, एक मिनिट. पाणी प्या, पण ऐका.

तो डबा भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाल्याकडून कुठं जातो? आपण कधी विचारलं? मी नाही विचारलं. तो गेला कोसाडला. तिथल्या वसाहतीत मागच्या बाजूला बाया डबे फोडायला बसतात. हातोडी, पक्कड आणि शेजारी जळणाऱ्या वायरींचा ढीग. प्लास्टिक जळून तांबं उरतं, आणि धूर छातीत राहतो. तायडेसाहेब त्याच वसाहतीत राहतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या खालच्या मजल्यावर भागीरथीबाई राहतात. आमच्या नंदुरबारकडच्या. नवरा पॉवरलूमवर होता, वारला. डबे फोडून दोन पोरी शिकवत होत्या.

भागीरथीबाईंनी सात नंबरचं झाकण उघडलं. आत पांढरं चिकट काहीतरी. त्यांना वाटलं, चुना किंवा धूळ धरून बसलीय. धुऊन काढू, म्हणून त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं.

रंगखातं, आता का नाही हसत? कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, हे तुम्ही पहिल्या दिवशी शिकता. ते उसळतं. त्यात आत डिस्कचं अॅल्युमिनियम, म्हणजे ते नुसतं उसळलं नाही, फुटलं. सगळं त्यांच्या तोंडावर. तायडेसाहेब जिन्यातून खाली धावले तेव्हा त्या बाईंची कातडी हाताला लागून येत होती. ओरडणं थांबत नव्हतं. पोरी दाराला धरून उभ्या. यांनी बाईंचं डोकं नळाखाली धरलं, तासभर धरलं, स्वतःचे हात भाजून घेतले. एक डोळा गेला तो गेलाच. दुसऱ्यानं आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

आणि मग तिथं, जमिनीवर पडलेल्या त्या डब्याच्या पाठीवर यांनी स्वतःचं अक्षर पाहिलं. कलर लॅब नंबर सात.

वहिनींना भागीरथीबाईंची गोष्ट माहीत आहे. पण तो डबा कुणी भरला होता, हे यांनी घरी सांगितलं नाही. ऑफिसातही सांगितलं नाही. यांनी वेगळंच सुरू केलं. दोन वर्षं शेठच्या केबिनच्या दारात उभे राहिले. म्हणाले, प्रत्येक टेबलावर डबा कशाला? नुसता पडदा, कीबोर्ड आणि तळहातावर मावेल एवढी एक डबी ठेवू. सगळी माहिती दूरच्या एका मशीनघरात, म्हणजे त्या क्लाउडवर राहील, तिथूनच ऑफिस चालेल. डिस्क आपल्याकडे नाहीच, तर फोडायचं काय आणि जाळायचं काय? शेठनी विचारलं, म्हणजे कचरा दुसऱ्याच्या दारात टाकायचा? चांगला प्रश्न होता, शेठ. यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, मशीनं तिथंही आहेत, वीज तिथंही खातात. पण तिथं एक मशीन शंभर कंपन्यांचं काम करतं, आणि ते मोडीत निघालं की कुठं गेलं याचा जाब विचारायला एक माणूस असतो. आपल्याकडे चौऱ्याऐंशी डबे आहेत आणि जाब विचारायला कुणी नाही.

शेठ तयार झाले. आणि रंगखातं पेटलं. कुणी पेटवलं? मी. मी लॅबच्या बाकीच्या सहाही मास्तरांना गोळा करून सांगितलं, आपली रेसिपी आभाळात गेली की आपण रस्त्यावर. उद्या कुठलंही पोरगं बटण दाबेल आणि लाल रंग काढेल, मग राघोला कोण विचारतो? एकेक डबा निघत गेला, पण मी माझा नवा डबा सोडेना. त्या एका डब्यावरून संपाची भाषा सुरू झाली.

एकोणीस साल, मार्च महिना, दुपारची पाळी बदलायची वेळ. लॅबमधली माणसं चहाला गेलेली. तायडेसाहेब एकटे आले. मला म्हणाले, राघो, बाजूला हो. मी हललो नाही. ते वाकले आणि त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या वायरीला हात घातला. टेबलावर अठरा इंची पाना पडला होता, व्हॉल्व्ह आवळायचा. मी तो उचलला.

मी त्यांना मारलं. पहिला फटका त्या हातावर, वायर धरलेल्या. हाड मोडलं त्याचा आवाज मशीनच्या घरघरीतही मला ऐकू आला. दुसरा खांद्यावर. ते खाली बसले. तिसरा मी डोक्यावर उगारला होता. माझं मन बदललं, मला दया आली, असलं काही मी सांगणार नाही. हात घामानं निसरडा झाला होता, पाना मागं निसटला आणि भिंतीवर आपटला. हात कोरडा असता तर आपण इथं दुसऱ्याच कारणानं जमलो असतो, आणि ते सहा वर्षांपूर्वी.

बसा, योगेशभाऊ. बसा म्हणतो ना! माझं संपलेलं नाही. मला काय करायचं ते नंतर करा.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की राघोनं रेसिपीसाठी मारलं, पोटासाठी मारलं. पोटासाठी मारलं म्हटलं की आपल्याकडे अर्धं माफ होतं. पण तेही खोटं आहे. वायरीला हात घालताना तायडेसाहेब एक वाक्य बोलले होते. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. म्हणाले, 'राघो, भागीरथीबाईचे डोये तुह्याच डब्यानं गेले. सात नंबर.' मला तोवर माहीत नव्हतं. ते ऐकलं आणि मी पाना उचलला. मी तो त्यांचं तोंड बंद करायला उचलला होता.

दवाखान्यात पोलीस येणार होते. मी आधी जाऊन त्यांच्या खाटेशी उभा राहिलो. वाटलं होतं, थुंकतील तोंडावर. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, 'तू जेलात गेला तं लोकं तुह्या बाजूनं उभे राह्यतीन. संप होईन. अन् डबे वापस येतीन. मले डबे वापस नाही पाह्यजेत. यूपीएस हलवताना रॅक पडली, असं लिहून दे.' हा मोठेपणा समजू नका. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे होतं ते मी आजही विसरलेलो नाही. त्यांनी मला माफ केलं नाही, त्यांनी मला वापरलं. स्वतःचा मोडका हात गप्प ठेवला आणि माझ्याकडून माझ्याच डब्याची वायर काढून घेतली. मी लिहून दिलं. खाली सही केली. चौकशी झाली, निष्काळजीपणा त्यांच्या नावावर बसला, आणि त्याच शेऱ्यापायी हा माणूस शेवटपर्यंत 'प्रभारी' राहिला. मिल उभी केली त्यांनी आणि खुर्चीवर पाटी लागली नाही.

त्यांची एक अट होती. भागीरथीबाईंना मी स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

चार महिने टाळलं. मग एका रविवारी हे मला कोसाडला घेऊन गेले. बाई ओट्यावर बसल्या होत्या. मी नुसताच समोर उभा राहिलो. त्यांनी विचारलं, 'कोन शे तो? काब्रं बोलत नही?' का बोलत नाही, म्हणून. आमची घरची भाषा. मी आमच्याच भाषेत सगळं सांगितलं, कॉस्टिकसकट. त्या म्हणाल्या, जवळ ये. मी गुडघ्यावर बसलो. त्यांनी चाचपत माझा कान शोधला, घट्ट धरला, आणि दुसऱ्या हातानं मारलं. चार वेळा. पाचवा फटका चुकला, दिसत नाही ना त्यांना. मी गाल पुढं केला. मग म्हणाल्या, 'मन आजून भरनं नही. पुढला रविवारे ये.'

मी गेलो. आजही जातो. आता मारत नाहीत, पण बसवून ठेवतात. माझ्याकडून डोळ्यांत औषध घालून घेतात आणि थेंब पडेपर्यंत माझं मनगट धरून ठेवतात.

तर मंडळी, गेल्या सहा वर्षांत आपल्या ऑफिसातून किती कॉम्प्युटर भंगारात गेले? एकही नाही. तेव्हा काढलेले डबेसुद्धा यांनी जाब देणाऱ्या कारखान्यालाच दिले, भंगारवाल्याला नाही. काही कीबोर्ड गेले, उंदरांनी खाल्लेल्या वायरी गेल्या, आणि त्या कुठं गेल्या याची पावती रुपालीताईंच्या कपाटात आहे. रेसिपी आभाळात आहे आणि मी अजून नोकरीवर आहे, कारण गिऱ्हाईकाचा तुकडा डोळ्यानं ओळखायला अजून मास्तरच लागतो. मी ज्याची भीती घातली ते घडलंच नाही. घडलं ते एवढंच की कोसाडच्या त्या ओट्यांवर आपल्या मिलचं नाव असलेला डबा पुन्हा पोचला नाही. हे काम या माणसानं दोन बोटं न वाकणाऱ्या हातानं केलं. डाव्या हातानं टाइप करायला शिकले, पन्नाशी उलटल्यावर.

तायडेसाहेब, पुन्हा मान हलवताय. मला कळतंय, तुमचा करार होता, गप्प राहायचं. पण आता कशासाठी? आज मला जेलात टाकलं तरी कुणी संप करणार नाही. एकही डबा परत येणार नाही. ठेवायलाच जागा उरली नाही, तिथं रुपालीताईंनी फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्यात. तुमचं काम पक्कं झालंय. आता ते खोटं तुमच्या घरी जायला नको. उद्या तुमचा नातू तो कागद वाचेल आणि म्हणेल, आजोबा निष्काळजी होते. मला ते सहन होणार नाही.

शेठ म्हणताहेत, 'राघोभाई, बेसी जाओ.' बसतो, शेठ. पण आधी पेन काढा. ती ओळ खोडा आणि मी सांगतो ते लिहा. 'रंगमास्तर राघो बोरसे यांनी लोखंडी पान्यानं मारल्यामुळे.' साक्षीदार म्हणून सही माझीच घ्या, या वेळी खरी होईल. पोलिसांत द्यायचं असेल तर फाटकावर थांबतो, कुठं पळत नाही.

अध्यक्षांनी मला इतका वेळ बोलू दिलं, रुपालीताईंनी माईक बंद केला नाही आणि तुम्ही सगळ्यांनी भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात कुठं पातळी सुटली असेल, आनंदाच्या कार्यक्रमात नको ते काढलं असेल, तर तेवढं पदरात घ्या. फक्त तेवढंच. पान्याचं माफ करणं तुमच्या हातात नाही, आणि मी ते मागितलेलंही नाही.

थांबा. वहिनी उभ्या राहिल्यात. सहा वर्षं त्यांना रॅक पडली हेच माहीत होतं. तीन महिने यांना घास भरवला त्यांनी, सदऱ्याची बटणं लावून दिली. काहीतरी विचारताहेत. मागं आवाज करू नका रे, ऐकू येत नाही.

काय, वहिनी?

विचारताहेत, कोणत्या हातानं मारलं.

उजव्या, वहिनी. ह्याच.